मुक्कामी गाडी आणि सव्वासात लाख तिकिटं

माझी पहिली पटकथा 138 पानांची होती. ती घेऊन अंधेरीतल्या एका ऑफिसात गेले, तर निर्माते भेटलेच नाहीत, त्यांचे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर भेटले. त्यांनी बाड उघडलं, शिसपेन्सिल घेतली आणि प्रत्येक प्रसंगाच्या मथळ्यावर एक टिंब देत शेवटच्या पानापर्यंत गेले. दहा मिनिटं लागली असतील. मग म्हणाले, "ताई, लोकेशन एकसष्ट होतायत." गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. मी खाली येऊन वडापाव खाल्ला आणि या धंद्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या होत्या, हे कळायला दोन वर्षं लागली. माझी नायिका नाशिकहून पुण्याला आणि पुण्याहून रत्नागिरीला का जाते, याला 'समुद्र छान दिसेल' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. 61 ठिकाणं परवडत नव्हती हे खरं, पण ती कथेलाही नकोच होती. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. निर्मात्याचा पैशाचा प्रश्न बहुतेक वेळा कथेतल्या एखाद्या मऊ जागेवर बोट ठेवतो. ती जागा घट्ट केली की प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा सुटत नाही तिथे भांडावं लागतं, आणि कशासाठी भांडायचं हे भांडणाच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

पुढच्या पायऱ्या पहिली पटकथा लिहिणाऱ्यांसाठी आहेत. नुसतं तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून या लेखापुरती एक गोष्ट रचली आहे. शेवटपर्यंत तीच वापरू.

पायरी पहिली : गोष्ट दोन वाक्यांत बसवा

पाटण खोऱ्यातल्या एका गावात रोज रात्री मुक्कामी एसटी जाते. उद्या निवृत्त होणारा वाहक बबन त्या गाडीत शेवटचा हिशेब करतो आणि चारशे रुपये कमी भरतात, पण उतरलेले अकराही प्रवासी त्याच गावात झोपलेत, आणि सकाळी सहाला गाडी परत निघण्याआधी तेच लोक त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहेत.

दुसरं वाक्य लांबलं आहे, चालेल. त्यात माणूस कोण, त्याला काय हवं, आडवं काय येतं आणि वेळ किती, ही चारही उत्तरं आहेत. चौथं उत्तर नवे लेखक विसरतात. 'श्वास' आठवा. नातवाचे डोळे जाणार आहेत, शस्त्रक्रियेआधी उरलेल्या वेळात आजोबांना त्याला जग दाखवायचं आहे. घड्याळ गोष्टीच्या पोटातच आहे. त्या चित्रपटाला 2003 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो भारताकडून ऑस्करलाही गेला. पुरस्काराचं सोडा, पण एवढ्या नाजूक विषयात प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो तो त्या उरलेल्या वेळामुळे.

वेळ बांधली की दिवस कमी, ठिकाणं कमी, कपडे कमी. निर्माता खूश. आणि ताण वाढतो, म्हणून प्रेक्षकही खूश. इथे कला आणि गल्ला एकाच बाकावर बसलेत.

पायरी दुसरी : तीन ओळींचा कागद

पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. काय झालं तरी सोडणार नाही अशा तीन गोष्टी. कागद पाकिटात ठेवा. 'मुक्कामी गाडी'साठी माझा कागद असा :

कोणीही चोर नाही.
सगळं एका रात्रीत घडतं.
चूक आपल्या डोळ्यांची होती हे बबनला कळतं, पण तो कोणाला सांगत नाही.

बाकी सगळं सोडता येतं. गावाचं नाव, बबनचं वय, पाऊस, देऊळ, माझा सगळ्यात लाडका संवादसुद्धा. तीनाच्या बारा ओळी झाल्या, तर ती निष्ठा नव्हे, हट्ट आहे, आणि हट्टी लेखकाला पुढचं काम मिळत नाही.

डोळ्यांचा मुद्दा इथेच सांगून टाकते, कारण गोष्ट त्यावर उभी आहे. 2016 नंतरची पाचशेची नोट करड्या रंगाची, 2018 नंतरची शंभराची फिकट जांभळी. भर उजेडात दोन्ही सहज ओळखू येतात. रात्री एसटीच्या पिवळट दिव्यात, डोळ्यात मोतीबिंदू उतरत असलेल्या माणसाला नाही येत. साठ रुपयांच्या तिकिटाला एकाने शंभराची नोट दिली, बबनने ती पाचशेची समजून चारशे चाळीस परत केले. चारशेची तूट. चोर शोधत रात्रभर फिरणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांचाच माग काढतोय.

पायरी तिसरी : तिकिटाचा हिशेब एकदा स्वतः करा

लेखक पैशाबद्दल बोलायला लाजतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असला प्रकार. म्हणून हे गणित एकदा कागदावर मांडाच.

तिकीट 150 रुपयांचं धरा. त्यातून 18 टक्के जीएसटी वजा केला की 127 उरतात. पहिल्या आठवड्यात थिएटर आणि निर्माता यांच्यात साधारण निम्मे-निम्मे होतात असं धरू, म्हणजे 63. त्यातून वितरकाचं कमिशन आणि इतर खर्च गेले की हातात पन्नास-पंचावन्न. प्रसिद्धी धरून चित्रपटाला 4 कोटी लागले, तर नुसत्या थिएटरवर ते वसूल व्हायला किमान सव्वासात लाख तिकिटं विकली जायला हवीत. सॅटेलाइट (म्हणजे टीव्हीचे हक्क), ओटीटी, शासनाचं अनुदान यातून काही आलं तर ओझं हलकं होतं, पण लिहायला बसताना ते आलंच असं समजू नका.

वाटणी आठवड्यागणिक घटतही जाते. 2009 साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण दोन महिने चाललं. त्यानंतरच्या करारात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्याला 50 टक्के, मग 42.5, मग 37.5, मग 30 असा उतरता ठरला. मराठीत आकडे करारागणिक बदलतात, उतरती भाजणी तीच. सिनेमाची बातमी तोंडोतोंडी पसरायला तिसरा आठवडा उजाडला, तर तोवर निर्मात्याच्या हाती येणारा रुपया लहान झालेला असतो, आणि तुमचा शोही दुपारी साडेबाराला ढकललेला असतो.

सव्वासात लाखांच्या आकड्याने दडपून जाऊ नका. त्यांतले पहिले दहा हजार कोण, एवढंच ठरवा. शुक्रवारी कोण येईल आणि शनिवारी कोणाला घेऊन येईल? 2023 च्या 'बाईपण भारी देवा'ला बायका गटागटाने गेल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट. गटाने बघायचा सिनेमा आहे हे त्या कल्पनेतच होतं, ते पोस्टरवर मागाहून चिकटवलेलं नव्हतं. (म्हणून आता सात जावांची गोष्ट लिहायला घेऊ नका. तुमची लिहून होईपर्यंत तशा चार तयार असतील.)

आपले पहिले दहा हजार एसटीची घरं आहेत. वाहक, चालक, डेपोतले मेकॅनिक, त्यांच्या पोरीबाळी. 1 जून 1948 ला पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्यामुळे 1 जूनच्या आसपासचा शुक्रवार प्रदर्शनाला आयता मिळतो. ही गोष्ट मी निर्मात्याला पहिल्याच भेटीत सांगेन. पण त्याच प्रेक्षकांमुळे माझी जबाबदारीही वाढते. नोटा कशा लावतात, तिकिटाचं मशीन डेपोत कसं जमा करतात, तूट आली की ती कोणाच्या खिशातून भरतात, यात एक चूक झाली तर हेच दहा हजार लोक सिनेमा पाडतील. म्हणून दोन रात्री मुक्कामी गाडीने जाऊन या. तिकीट काढून.

पायरी चौथी : लिहायला स्वस्त, चित्रीकरणाला महाग

'धो धो पाऊस.' तीन शब्द. त्यांच्यामागे पाण्याचे टँकर, पाइप, भिजलेल्या कपड्यांचे तीन-तीन जोड आणि कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक. 'जत्रा भरली आहे.' तीन शब्द, दोनशे ज्युनिअर आर्टिस्ट आणि त्यांचं जेवण.

चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा कितीतरी महाग. आपली गाडी मुक्कामी, म्हणजे बहुतेक वेळ उभीच. हा योगायोग नाही, गोष्ट निवडतानाच हे डोक्यात होतं. रात्र महाग, कारण जनरेटर आणि लाइट. पण बसच्या आतली रात्र खिडक्यांवर काळं कापड लावून भर दुपारी घेता येते. म्हणून एका रात्रीच्या या गोष्टीतले निम्म्याहून अधिक प्रसंग मी बसच्या आत किंवा देवळाच्या बंद सभामंडपात ठेवेन. रात्र कागदावरची आहे, सोडणार नाही. ती स्वस्तात कशी पडेल ते बघेन.

जनावर लिहिलंत की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आली. उगाच शोभेला बैल लिहू नका. मूल लिहिलंत तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते. तुमच्या गोष्टीचा नायकच आठ वर्षांचा असेल तर खुशाल लिहा, फक्त प्रत्येक प्रसंगात त्याला उभं करू नका. त्याच्या नजरेतून दिसणारे आणि तो नसलेले प्रसंग शोधा.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचाही विचार इथेच. 'अ' म्हणजे प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. 2023 च्या कायदा दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी बघायचं) या प्रमाणपत्रामध्ये 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे आलेत. शिव्या लिहायला माझी हरकत नाही, खोऱ्यातली माणसं काही श्लोक म्हणत भांडत नाहीत. पण पानापानावर पेरलेल्या चाळीस शिव्यांपेक्षा योग्य जागी आलेली एक शिवी जास्त लागते, आणि सॅटेलाइटचा दरवाजाही उघडा राहतो.

एक युक्ती. ओळखीचा चेहरा परवडत नसेल तर त्याच्यासाठी तीन दिवसांची भूमिका लिहा. आपल्या गोष्टीत एक निवृत्त मास्तर आहे, देवळाच्या पायरीवर रात्रभर जागा. त्याचे चार प्रसंग, चारही त्याच पायरीवर. मोठा नट तीन दिवसांत मोकळा होतो आणि पोस्टरवर चेहरा येतो. अट एकच, ते चार प्रसंग त्याला नाही म्हणवणार नाही इतके चांगले हवेत. नुसता 'गेस्ट अपिअरन्स' लिहिलात तर प्रेक्षकाला वास येतो.

पायरी पाचवी : एक प्रसंग, दोन खर्डे

पहिल्या खर्ड्यात प्रसंग 31 असा होता : पावसात घाट चढणारी गाडी. बबन प्रत्येक प्रवाशापाशी जाऊन हिशेब विचारतो, अकरा जण अकरा उत्तरं देतात, शेवटी बाचाबाची. चार पानं. साध्या मराठी चित्रपटाचं चित्रीकरण पंचवीसेक दिवसांत उरकावं लागतं. 110 पानांना 25 ने भागा, दिवसाला साडेचार पानं. म्हणजे या एका प्रसंगाला एक अख्खी रात्र, तीही पाऊस, चालती गाडी आणि अकरा बोलके नट घेऊन.

दुसरा खर्डा :

प्रसंग 31 / आत / मुक्कामी गाडी / रात्र

*गाडी देवळासमोर उभी. एकच दिवा. शेवटच्या बाकावर बबन नोटा मोजतोय. चौथ्यांदा. ड्रायव्हर विलास पुढच्या बाकावर आडवा, तोंडावर टॉवेल.*

विलास : (टॉवेलखालून) वाढल्या का?

*बबन एक नोट डोळ्यांजवळ नेतो. लांब धरतो. पुन्हा जवळ.*

विलास : चारशेच हायत ना? मी घालतो. झोपा आता.

बबन : चारशेचा प्रश्न न्हाई.

विलास : मग?

बबन : सकाळी हेच अकरा जण मला नारळ देणारेत.

*विलास टॉवेल बाजूला करून त्याच्याकडे बघतो. बाहेर टाळ वाजायला लागतात.*

सव्वा पान. दोन नट, उभी गाडी, पाऊस नाही. खर्च किती वाचला ते सांगायला नको. पण मला यात गोष्टीचा फायदा मोठा वाटतो. आधी बबन विचारत सुटला होता, संशय तोंडातून बाहेर पडून मोकळा झाला होता. आता तो विचारूच शकत नाही, कारण त्याच लोकांच्या हातून त्याला सत्कार घ्यायचाय. संशय पोटातच राहतो आणि सडतो. 'नारळ देणं' याचे मराठीत दोन्ही अर्थ आहेत, सत्कार आणि हकालपट्टी. तेही आयतं मिळालं. आणि नोट जवळ-लांब धरणं? पहिल्यांदा बघणाऱ्याला तो नोट निरखतोय असं वाटतं. तो बघायला धडपडतोय, हे शेवटी कळतं.

तुमच्या पटकथेतले सगळ्यात महाग पाच प्रसंग शोधा आणि प्रत्येकाचा असा दुसरा खर्डा लिहून पाहा. पाचांतला एखादा तरी पहिल्यापेक्षा बिघडेल. तो महागच राहू द्या, त्याच्यासाठी भांडा.

जाता जाता : एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब देवनागरीत नीट बसत नाही. टंक, ओळींतलं अंतर, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशी जुनी दोन रकान्यांची पद्धत, सगळ्याने पानं फुगतात. मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा.

पायरी सहावी : गाणं

'गाणं हवं' हे वाक्य ऐकून नव्या लेखकाचा चेहरा पडतो. पडू नये. आपल्याकडे कीर्तनापासून तमाशापर्यंत गोष्ट गाण्यातूनच सांगत आलेत. प्रश्न असतो तो गाणं कुठे आणि कशाला याचा.

2016 चा 'सैराट' पुन्हा एकदा नुसता कान देऊन बघा. आख्ख्या महाराष्ट्राला नाचवणारी गाणी पूर्वार्धात आहेत. दोघं पळून हैदराबादला पोहोचतात, तिथून गाण्यांचा तो सण संपतो आणि स्टोव्ह, भांडी, भाड्याची खोली सुरू होते. आणि शेवट तर पार्श्वसंगीताशिवाय, सुन्न शांततेत. पूर्वार्धातल्या गाण्यांनी लोकांना थिएटरात आणलं हे सगळे बोलतात. मला वाटतं, त्या गाण्यांशिवाय ती शांतता एवढी भिनलीच नसती. इथे गाणं विकण्यासाठी की कथेसाठी, हे वेगळं काढताच येत नाही.

आपल्या गोष्टीत त्या रात्री देवळात भजन आहे. बबन गेली कित्येक वर्षं मुक्कामाला आला की टाळ धरतो. आजही धरतो. पण आज टाळ वाजवताना त्याची नजर गोल बसलेल्या अकरा जणांच्या हातांवर, खिशांवर, पिशव्यांवर फिरते. ओठांवर विठ्ठल, डोळ्यांत फौजदार. साडेचार मिनिटांत सगळे संशयित प्रेक्षकाला ओळखीचे होतात, एकही संवाद न लिहिता. गाणं काढलं तर कथेला भोक पडतं की नाही, ही परीक्षा. भोक पडत नसेल तर ते गाणं निर्मात्याचं आहे. तुम्ही अजून ते तुमचं केलेलं नाही.

पायरी सातवी : नोट्स आल्यावर

नोट्स म्हणजे पटकथा वाचून निर्मात्याने दिलेल्या सूचना. बैठकीत उत्तर देऊ नका. वहीत लिहून घ्या, चहा प्या, 'दोन दिवस द्या' म्हणा. निर्माते सहसा उपाय सांगतात, दुखणं सांगत नाहीत. दुखणं आपण शोधायचं.

"मध्यंतर बसत नाही." ही नोट आली की नव्वद टक्के वेळा ती खरी असते. मध्यंतराआधीचा प्रश्न आणि नंतरचा प्रश्न वेगळा हवा. माझ्या पहिल्या आराखड्यात दोन्हीकडे 'पैसे कोणी घेतले' हाच प्रश्न होता. बदल असा : बबन झोपलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत हात घालतो आणि पकडला जातो. मध्यंतर. आयुष्यभर एका रुपयाचा हिशेब न चुकलेला माणूस गावाच्या लेखी चोर ठरतो, आणि आता प्रश्न सकाळच्या सत्काराचा. हा सगळा उत्तरार्ध एका कोरड्या नोटेतून आला.

"तरुणांसाठी काहीतरी टाका." म्हणजे प्रेमाची जोडी टाका. तशी टाकली की गोष्टीत ठिगळ दिसतं. मागणी मात्र रास्त आहे, अकराच्या अकरा प्रवासी पन्नाशीपुढचे कशाला? त्यांतली एक बावीस वर्षांची मुलगी करा. बबनने चुकीचे पैसे परत दिले, ते तिने पाहिलंय. ती गप्प का? कॉलेजात असताना पैसे नसले की बबन तिला बिनतिकीट नेत असे. उद्या चौकशी लागली तर ते आधी बाहेर येईल. तरुण पात्र आलं, आणि गोष्टीतलं सगळ्यात मोठं गुपित तिच्याकडे गेलं.

"थोडा विनोद." विलास आहेच. टॉवेलखालून बोलणारा.

"शेवटी चोर सापडायला हवा." झालं, आता घोडं अडलं. पाकिटातला कागद, पहिली ओळ. तरीही 'नाही' म्हणण्याआधी दुखणं शोधा : प्रेक्षक दोन तास शोधतोय, त्याच्या पदरात काही पडत नाही. हे खरं आहे. मग पदरात टाका. सकाळी सत्काराच्या गर्दीत, शंभराची नोट देणारा तो प्रवासी, एक शेतकरी, चारशे रुपये पुढे करतो, म्हणतो, काल जास्तीचे दिलेत. रात्रभर गावाला चोर समजलेल्या बबनच्या चेहऱ्यावर कॅमेरा राहतो. चोर सापडला, फक्त तो चोर नव्हता. हे ऐकूनही निर्माता खलनायकावर अडून बसला, तर दुसरा निर्माता बघा. वेळ लागतो. मला एकदा तीन वर्षं लागली, आणि त्यातलं सव्वा वर्ष मी मालिकेचे एपिसोड लिहून घरभाडं भरलं.

पायरी आठवी : नरेशन

नरेशन म्हणजे निर्मात्याला गोष्ट तोंडी सांगणं. दादासाहेब फाळक्यांना 1912 साली चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि कोणी देईना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर कॅमेरा लावला आणि रोप भराभर वाढताना दाखवलं. पैसे देणाऱ्यांना सिनेमा म्हणजे काय ते भाषणाशिवाय कळलं. पुढच्या वर्षी, 3 मे 1913 ला, गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

तुमचा वाटाणा कोणता, ते शोधा. दोन तासांची गोष्ट पाऊण तास सांगण्यापेक्षा प्रसंग 31 जसाच्या तसा वाचून दाखवा. मग गोष्ट पंधरा मिनिटांत. सोबत दोन पानं द्या, एकात कथा आणि दुसऱ्यात ठिकाणं, पात्रं, रात्रींची संख्या. दुसरं पान देणारा लेखक निर्मात्याला क्वचितच भेटतो, त्यामुळे तो पहिलं पान जरा जास्त लक्ष देऊन वाचतो.

पायरी नववी : सही करण्याआधी

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणून 'एक वाहक आहे, त्याचे चारशे रुपये जातात' एवढं कॅन्टीनमध्ये सांगत फिरू नका. पूर्ण लिहा, अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, मग दाखवा. नोंदणीने हक्क जन्माला येत नाही, तो लिहिल्याक्षणी येतो. नोंदणी म्हणजे तारखेचा पुरावा.

कॉपीराइट कायद्यातली तीन कलमं माहीत असू द्या. कलम 19 : हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं धरलं जातं. म्हणूनच करारात 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' असे शब्द येतात, ते वाचून हसू नका, थांबा. कलम 18 : 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीच्या रॉयल्टीचा हक्क करार करून सोडताच येत नाही. कलम 57 : लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क, हक्क विकल्यावरही.

पैसे टप्प्यांत मागा. सहीला, पहिल्या खर्ड्याला, शेवटच्या खर्ड्याला, चित्रीकरण सुरू होताना. किती खर्डे, ते आकड्यात लिहून घ्या. 'समाधान होईपर्यंत' असं लिहिलं असेल तर ते समाधान कोणाचं आणि कधी, हे विचारायची हिंमत करा. एकदा मी विचारलं नाही आणि नऊ खर्डे लिहिले, सातव्यापासून फुकट. आणि पोस्टरवर कथा, पटकथा, संवाद यांपैकी कशापुढे तुमचं नाव येणार, तेही कागदावर.

पायरी दहावी : सेटवर

पटकथा संपली असं तुम्हाला वाटतं तेव्हा फोन येतो. माझ्या दुसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण भोरजवळ चालू होतं. रात्री साडेअकराला दिग्दर्शकांनी हाक मारली. पाण्याचा टँकर घाटात बंद पडलाय, पाऊस काढता येईल का?

मी त्या चित्रपटाचा पाकिटातला कागद बघितला. पाऊस त्यावर नव्हता. जीपच्या बॉनेटवर बसून छत्रीचा संवाद खोडला आणि 'भिजलीस' च्या जागी 'उशीर झाला' लिहिलं. पाच मिनिटं लागली. तेवढ्यात ते म्हणाले, मग आई परत येते तो प्रसंगही उडवूया ना, उद्याचा अर्धा दिवस वाचेल. तो कागदावर होता. दुसरी ओळ. त्यावर आम्ही दीड तास भांडलो, प्रॉडक्शनवाल्याने दोनदा चहा आणून दिला, आणि शेवटी पहाटे सव्वाचारला, उजाडायच्या आत, एका कंदिलाच्या उजेडात आई आली. एकाच शॉटमध्ये, तीन ओळींचे संवाद कापून.